ऐच्छिक असू द्या, बेवारस नको

प्रति,
अपाचे सोलर प्रकल्पाची व्यवस्थापन समिती आणि सर्व कमिटर;
तसंच सोलरवर कामं घेऊन ग्राहकांना बिलं लावणाऱ्या देशोदेशीच्या कंपन्या, हिंजवडीच्या धरून.



हे पत्र अ‍ॅडमिन यूआयबद्दल आहे. सोलर चालू केलं की ब्राउझरमध्ये 8983 या पोर्टवर जी स्क्रीन उघडते, तिच्याबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण ती महिनोन्‌महिने उघडत नसतील. कर्ल आहे, ग्राफाना आहे, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत; तुमचं तिच्यावाचून काही अडत नाही. ज्यांचं अडतं त्यांच्या वतीने लिहितो आहे.

समितीखेरीज जे हे वाचतील त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. सोलर म्हणजे गच्चीवरचं पाणी तापवायचं यंत्र नव्हे, ते शोधाचं सॉफ्टवेअर आहे. 2004 मध्ये सीनेट या अमेरिकी कंपनीत योनिक सीली यांनी ते लिहायला घेतलं. 2006 मध्ये कंपनीने ते अपाचे फाउंडेशनच्या स्वाधीन केलं आणि तेव्हापासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. आतलं इंजिन ल्यूसीनचं. सोलर त्यावर उभं आहे. 2021 पासून अपाचेत त्याचा संसार ल्यूसीनपासून वेगळा झाला. दुकानांच्या साइट, वर्तमानपत्रांचे जुने अंक, ग्रंथालयांचे कॅटलॉग, कुठे कुठे ते बसलंय याची गणती नाही. विद्यापीठांचे प्रबंध ज्यात ठेवतात ते डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर शोधासाठी सोलरच वापरतं. आपल्याकडचं शोधगंगा डीस्पेसवरच उभं आहे आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे जातात.

डीस्पेसमध्ये पूर्वी सोलर पोटातच यायचं. सातव्या आवृत्तीपासून ते वेगळं बसवावं लागतं. त्यामुळे जन्मात कधी सर्व्हरला हात न लावलेल्या ग्रंथपालांवर आणि त्यांच्या एकुलत्या एक संगणक-सहायकावर सोलरशी थेट गाठ पडायची वेळ आली. त्यांच्याकडे ऑपरेशन्सची टीम नसते. त्यांना सोलरच्या आत डोकवायचं तर ही एक स्क्रीन आहे, दुसरं काही नाही.

जिल्ह्याच्या गावातल्या अशाच एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंनी मला बोलावलं होतं. तक्रार अशी की 'नगर' टाकलं की नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरबरोबर किरण नगरकरांच्या कादंबऱ्या वर येतात. 'मंगेश' टाकलं तर पाडगावकरांचे कवितासंग्रह येतात ते ठीक, पण मंगेशकरांवरची पुस्तकंही मधे घुसतात. बाईंचा ठाम समज होता की नोंदी करणाऱ्या कंत्राटी मुलांनी घोळ घातलाय. मुलं बिचारी मान खाली घालून उभी.

मी सोलरची अ‍ॅनालिसिस स्क्रीन उघडली. तिच्यात दोन चौकटी असतात. डावीकडे टाकायचं ते पुस्तकात आहे असं धरायचं, उजवीकडे टाकायचं ते वाचकाने शोधलंय असं धरायचं. डावीकडे 'दिनकर' लिहिलं, उजवीकडे 'दीन'. फील्डचा प्रकार निवडला 'टेक्स्ट एचआय', म्हणजे सोलरबरोबर तयार येणारा हिंदीचा प्रकार. कुणीतरी "देवनागरीच आहे ना" म्हणून तोच लावून टाकला होता. बटण दाबलं. स्क्रीनवर ओळीखाली ओळ उतरली, प्रत्येक ओळीच्या डोक्याशी एकेका टप्प्याचं लघुनाव: एसटी, एलसीएफ, आयएनएफ, एचएनएफ, एसएफ, आणि शेवटी एचएसएफ. एचएनएफ म्हणजे हिंदीचं सामान्यीकरण. तिथे 'दीन'चा दीर्घ ईकार ऱ्हस्व झाला आणि उरलं 'दिन'. एचएसएफ म्हणजे हिंदीचं स्टेमिंग. तिथे 'दिनकर'मधला 'कर' गळून पडला आणि उरलं 'दिन'. दोन्ही बाजूंना तोच शब्द, आणि जुळला म्हणून डावीकडे त्यावर रंग चढलेला.

हिंदीत हे बरोबरच आहे. तिथे 'जाकर', 'देखकर' अशी रूपं असतात, त्यातला 'कर' छाटायलाच हवा. पण मराठीत त्या एका नियमाने निम्म्या महाराष्ट्राची आडनावं छाटली जातात. बाईंचं स्वतःचं आडनाव 'कर'वर संपणारं होतं. ते त्यांनी लगेच टाकून बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. मग त्यांचा हात थांबेना. 'बॉल' टाकला, तर चंद्र जाऊन 'बोल' झाला. 'शीर' आणि 'शिर' एक झाले. 'पुण्याला' टाकलं तर हलन्त उडाला, शेवटचा काना उडाला आणि 'पुणयाल' असं काहीतरी उरलं, जे 'पुणे'शी जुळण्याची सुतराम शक्यता नव्हती. तिथल्या तिथे ठरलं: मराठीसाठी वेगळा फील्ड-प्रकार करायचा, हिंदीचं स्टेमिंग काढायचं, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही आणि विभक्तीच्या रूपांसाठी समानार्थी शब्दांची फाइल हळूहळू भरत जायची. ज्या मुलांवर आळ होता त्यांनीच ती भरायला घेतली.

हीच माहिती सोलर जेसनमध्येही देतं, हे मला ठाऊक आहे. बाईंना कर्लची एक ओळ कागदावर लिहून देताही आली असती. ती त्यांनी मी असताना चालवली असती आणि मी बसमध्ये बसल्यावर कागद टेबलाच्या खणात गेला असता. ती स्क्रीन मात्र त्या अजून वापरतात.

मराठीपुरतं यात अजून एक आहे. ल्यूसीनमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी यांच्यासाठी तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. तो कधीतरी कुणीतरी लिहील. लिहिणाऱ्याला विभक्ती, सामान्यरूप, शब्दयोगी अव्ययं कळणारी माणसं शेजारी घ्यावी लागतील, आणि ती माणसं भाषेची असतील, टर्मिनलची नसतील. त्यांना फिल्टरची करामत दाखवायला ही स्क्रीन नसेल तर ते काम होणार नाही. तुमच्या दृष्टीने ती सोय आहे. आमच्या दृष्टीने ती व्याकरणकार आणि प्रोग्रामर यांच्यातला एकमेव दुभाषा आहे.

आता तुमच्या बाजूने बघतो, कारण तुमची बाजू पोकळ नाही. यूआय नसला तरी शोध चालतो. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की तो बंद करता येतो, आणि ही सोय तुम्हीच दिलीत. त्याच्या ऐच्छिक असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार अशी की ऐच्छिक म्हटल्यावर त्याचा धनी कोण हे कुणी विचारलंच नाही. सोलर 3 पर्यंत जेएसपीची पानं होती. ऑक्टोबर 2012 च्या 4.0 मध्ये ती जाऊन जावास्क्रिप्टचा नवा यूआय आला, आणि तो खरंच देखणा होता. पाचव्या मालिकेत तो अँग्युलरजेएसमध्ये पुन्हा लिहिला गेला, 2016 च्या 6.0 मध्ये मुख्य झाला. दर वेळी एखाद-दुसऱ्या उत्साही माणसाने जीव ओतला, बाकीच्यांनी शाबासकी दिली, आणि तो माणूस दुसऱ्या कामाला लागल्यावर स्क्रीन जिथे होती तिथेच राहिली. गूगलने अँग्युलरजेएसचा पाठिंबा 2021 संपताना थांबवला. मे 2022 मध्ये सोलर 9.0 निघालं, त्यातही यूआय अँग्युलरजेएसचाच. कुठल्याही बँकेचा सुरक्षा-स्कॅनर त्यावर लाल खूण करणार, आणि मग ग्राहकाकडचा अधिकारी विचारणार, "हे तुमचं सोलर सुरक्षित आहे का हो?" यूआयच्या जुन्या लायब्ररीसाठी अख्ख्या इंजिनाची अब्रू जाते.

अब्रूचं एक वेळ सोडा. 2019 साली याहून गंभीर घडलं. डेटा इम्पोर्ट हँडलर नावाचा भाग होता. डेटाबेसमधून सोलरमध्ये माहिती ओढायचा. अ‍ॅडमिन यूआयमध्ये त्याची स्क्रीन होती आणि तिथे बसून डीबग करणं सोपं जावं म्हणून अख्खं कॉन्फिगरेशन विनंतीतूनच पाठवायची मुभा ठेवली होती. त्या कॉन्फिगरेशनमध्ये स्क्रिप्ट लिहिता यायची. म्हणजे ज्याला ते पोर्ट बाहेरून सापडलं त्याला सर्व्हरवर हवं ते चालवता येई. सीव्हीई-2019-0193 या क्रमांकाने ते ऑगस्टमध्ये जाहीर झालं. एका स्क्रीनच्या सोयीसाठी इंजिनाला भोक पडलं होतं.

लगेच त्याच वर्षाच्या शेवटी व्हेलॉसिटीचं प्रकरण आलं. सोलरमध्ये 'ब्राउझ' नावाचं एक तयार शोधपान मिळत असे, नमुना म्हणून. व्हेलॉसिटीच्या टेम्पलेटवर ते चाले. विनंतीतून टेम्पलेट पाठवायची सोय मुळात बंद ठेवलेली होती, हे मान्य. पण ती चालू करायची किल्लीही कॉन्फिगच्या एपीआयमध्येच लटकत होती, आणि लॉगिनची सक्ती नसलेल्या सोलरमध्ये ती किल्ली कुणालाही फिरवता येई. सीव्हीई-2019-17558: आवृत्ती 5.0.0 पासून 8.3.1 पर्यंत सगळ्या बाधित. हौसेच्या नमुना-पानाने इतक्या वर्षांच्या आवृत्त्या उघड्या पाडल्या. नंतर तुम्ही दोन्ही भाग आधी निवृत्तीच्या यादीत टाकले आणि 9.0 मध्ये सोलरच्या गाभ्यातून काढून टाकले. बरं केलंत. त्याच आवृत्तीपासून सोलर मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरच ऐकतं, नेटवर्कवर नाही, हेही उत्तम केलंत.

या दोन प्रकरणांवरून समितीतल्या काहींचं मत झालं असेल की यूआय मुळासकट उपटावा, कटकट जाईल. मला त्यातून वेगळंच दिसतं. दोन्ही वेळा घात झाला तो लिहिण्याच्या अधिकाराने. बघण्याने काही बिघडलं नव्हतं. विजेच्या मीटरला काच असते, आकडे दिसतात, काटा हाताने मागे फिरवता येत नाही. अ‍ॅडमिन यूआयचं तेच व्हावं, ही पहिली मागणी. क्वेरी, अ‍ॅनालिसिस, स्कीमाचं दर्शन, क्लस्टरचा आराखडा, लॉग: एवढं ठेवा. कलेक्शन बनवणं-पुसणं, कॉन्फिग बदलणं, सुरक्षेचे नियम लिहिणं हे सगळं कमांडलाइनवर जाऊ द्या. ज्याला कलेक्शन पुसायचंय त्याने एक आज्ञा टंकायचे कष्ट घ्यावेत. शिकाऊ माणसाने चुकीच्या टॅबमध्ये 'डिलीट' दाबल्याचे किस्से तुम्हालाही माहीत असतील.

दुसरी मागणी धन्याची. रेपोमध्ये यूआयपुढे किमान दोन माणसांची नावं लिहिलेली असावीत. दोन मोठ्या आवृत्त्या कुणीच नाव दिलं नाही, तर एक वर्ष आधी सांगून तो काढून टाका. आम्ही रडू, पण आम्हाला तयारीला वेळ मिळेल. आज आहे ती अवस्था सर्वांत वाईट: आहे म्हणायला आहे, विचारायला गेलं तर कुणाचाच नाही.

हे होऊ शकतं याचा दाखला तुमच्या शेजारच्याच घरात आहे. ल्यूक. ल्यूसीनच्या इंडेक्समध्ये उतरून काय दडलंय ते दाखवणारं साधन. आंद्झेय ब्यावेत्स्की यांनी ते लिहिलं, वर्षानुवर्षं ते बाहेरच्या बाहेर राहिलं, ल्यूसीनची नवी आवृत्ती आली की मोडायचं, मग कुणीतरी ते डागडुजी करून चालतं करायचं. 2019 मध्ये ल्यूसीन 8.1 बरोबर ते मूळ रेपोत आलं. तोमोको उचिदा यांनी त्याचा दर्शनी भाग जावाच्या स्विंगमध्ये नव्याने लिहिला. स्विंग! आजच्या कुठल्याही पोराला विचारा, ते नाक मुरडेल. पण स्विंग जावाबरोबरच येतं, त्याला वेगळी लायब्ररी लागत नाही, त्याच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी पाया उखडत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट, ल्यूक आता ल्यूसीनच्याच बिल्डमध्ये आहे. ल्यूसीनमध्ये कुणी एखादी पद्धत बदलली आणि ल्यूक मोडलं, तर बदलणाऱ्याचाच बिल्ड लाल होतो. दुरुस्तीची जबाबदारी आपोआप मोडणाऱ्यावर येते. सोलरच्या यूआयला हे नशीब लाभलं नाही. एपीआयचा एक शब्द बदलला की कुठल्यातरी टॅबमध्ये रिकामा चौकोन दिसायला लागतो आणि ते कळतं वापरणाऱ्याला, आवृत्ती निघाल्यावर.

म्हणून तिसरी मागणी: यूआय वेगळं पॅकेज करा, हवं त्याने बसवावं; पण कोड त्याच रेपोत ठेवा आणि प्रत्येक स्क्रीनची निदान एक चाचणी आवृत्ती काढण्याच्या अटींत घाला. ती नापास, तर आवृत्ती थांबेल. लॉगिन लावलेलं नसेल आणि सोलर नेटवर्कवर ऐकत असेल, तर यूआयने उघडायलाच नकार द्यावा. स्वतःच्याच यंत्रावर असेल तर खुशाल उघडावं. एवढ्या एका नियमाने निम्मी भीती जाईल.

सोलरच्या प्रतिस्पर्धी इलॅस्टिकसर्चवाल्यांनी 2016 मध्ये, 5.0 ला, आत बसणारी प्लगिनची पानं काढूनच टाकली होती, मग आपणही तेच करावं, असं म्हणणारे भेटतात. तिकडे शेजारी किबाना नावाचा यूआय आहे आणि किबाना सांभाळणाऱ्यांना पगार देणारी कंपनी आहे. तुमच्याकडे कोण आहे?

आता नव्या यूआयबद्दल. तुमच्या रेपोत कोटलिन आणि कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म वापरून एक नवा, प्रायोगिक यूआय आकार घेतो आहे, आणि कुणीतरी पुन्हा जीव ओततंय याचा आनंदच आहे. फक्त दोन शंका. पहिली: सोलरचे बहुतेक कमिटर जावाचे, कोटलिन आणि वेबअसेम्ब्ली दोन्ही येणारे किती? हे लिहिणारा हात उद्या थांबला तर चौथ्यांदा तीच गोष्ट होईल. दुसरी शंका आमच्या जिव्हाळ्याची. हे तंत्र ब्राउझरमध्ये अक्षरं साध्या एचटीएमएलसारखी मांडत नाही, कॅनव्हासवर स्वतः रंगवतं. यंत्रावर असलेले फाँट त्याला आपसूक मिळत नाहीत. देवनागरीचा फाँट बरोबर दिला नाही तर 'दिनकर'च्या जागी पाच कोरे चौकोन दिसतील. आणि फाँट दिला तरी जोडाक्षरं, रफार, वेलांटी नीट बसतात का ते कुणीतरी बघायला हवं. अ‍ॅनालिसिस स्क्रीनचा सगळा जीव अक्षरं दिसण्यात आहे. तिथल्या टोकनवर माउस फिरवून ते कॉपी करता यायला हवं, अंधांचा स्क्रीन-रीडर ते वाचू शकायला हवा. तुमच्या चाचण्यांत 'वाऱ्यावरची', 'पुण्याला', 'बॉल' असे चार शब्द घाला. अरबी, तमिळ, ख्मेरचेही घाला. इंग्रजीच्या चाचणीत हे कधीच उघडकीला येणार नाही.

हे सगळं समितीला सांगून मी मोकळा होतो असं नाही. समितीतले लोक स्वयंसेवक आहेत. अपाचे फाउंडेशन कोड लिहिण्याबद्दल कुणाला पैसे देत नाही. म्हणून कंपन्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या प्रस्तावांत "ओपन सोर्स, परवाना शुल्क शून्य" हे ठळक अक्षरांत असतं. ग्राहकाच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला तुम्ही हीच अ‍ॅडमिन स्क्रीन प्रोजेक्टरवर लावता. ग्राहकाच्या स्कॅनरने अँग्युलरजेएसवर बोट ठेवलं की मात्र "तो अपाचेचा प्रश्न आहे" म्हणून मेल लिहिता. अपाचे म्हणजे कोण? ज्यांनी कोड दिला ते. तुमच्या बिलातला एका इंजिनियरचा आठवड्यातला एक दिवस या यूआयला द्या, म्हणजे दोन नावांतलं एक नाव मिळेल.

इंजिनियरिंग कॉलेजांनाही जाता जाता सांगतो: शेवटच्या वर्षाला पुन्हा एक लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम नको. एका स्क्रीनची चाचणी लिहून ती सोलरमध्ये स्वीकारली गेली, तर त्या मुलांच्या बायोडेटात लिहायला काहीतरी खरं मिळेल.

देवनागरीच्या चाचण्यांची पहिली खेप मी पाठवतो आहे. सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालायला माझी हरकत नाही. दुसरं नाव या पत्राच्या वाचकांमधून यावं, आणि समितीने ही यादी पुढच्या मोठ्या आवृत्तीआधी रेपोत लावावी, ही विनंती.

आपला,
ग्रंथालयांची शोधयंत्रणा लावून देणारा एक सोलर-वापरकर्ता,
पुणे